चिविता दी बान्योरेजोला जाताय? या चुका टाळा

रोमहून एका दिवसात जमेल म्हणून लोक इटलीतलं हे कड्यावरचं जुनं गाव यादीत शेवटी घुसवतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. बान्योरेजोला रेल्वे स्टेशन नाही. ट्रेनने ओर्विएतोला उतरायचं आणि स्टेशनसमोरून कोत्राल या बस कंपनीची बस धरायची, ती पाऊण-एक तास घेते. ही बस रविवारी आणि सणाच्या दिवशी सहसा नसते. त्यामुळे एकतर रविवार-सण सोडून दुसरा वार निवडा, नाहीतर गाडी भाड्याने घ्या. परतीची शेवटची बस किती वाजता आहे, हे जातानाच विचारून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे बान्योरेजो आणि चिविता एकच समजणं. बस थांबते ती बान्योरेजोत, म्हणजे आजच्या नांदत्या गावात; चिविता म्हणजे दरीपलीकडच्या कड्यावरचं जुनं गाव. तिथून दरीच्या काठापर्यंत चांगली वीस-पंचवीस मिनिटांची चाल आहे. पुढे १९६५ साली बांधलेला पादचारी पूल लागतो. पुलावर सावली अजिबात नाही आणि शेवटचा चढ छातीवर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारी आई-बाबांना घेऊन इथे चढू नका. सकाळी लवकर जा, किंवा ऊन कलल्यावर. गुडघे दुखत असतील तर अलीकडच्या काठावरचा बेल्व्हेदेरे, म्हणजे दृश्य बघायचा कट्टा, गाठा. समोर अख्खं गाव दिसतं, तेवढ्यासाठीसुद्धा येणं सार्थकी लागतं. पुलासाठी ५ युरोचं तिकीट आहे. ते चढायच्या आधीच काढा.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेशीतून आत शिरल्यावर होते. चौकात फोटो काढायचे, कॉफी प्यायची आणि अर्ध्या तासात परत. हे गाव बघायचं तर आधी त्याच्या पायाखाली काय आहे ते समजून घ्या. ओल्या मातीवर जड फरशी ठेवावी, तसा इथे मऊ चिकणमातीवर ज्वालामुखीच्या तुफा दगडाचा थर बसला आहे. पाऊस आणि ओढे खालची माती खातात, मग वरच्या दगडाला भेगा पडतात आणि कडा कोसळतो. १६९५ च्या भूकंपानंतर बिशपचं ठाणं आणि बरीच वस्ती पलीकडे बान्योरेजोत गेली. आज इथे कायमचे राहणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. चौकातलं सान दोनातो हे तेव्हाचं कॅथेड्रल. मुख्य गल्लीच्या टोकापर्यंत चालत जा. तिथून खालच्या दरीतले मातीचे धारदार सुळके दिसतात आणि गाव किती अरुंद दगडावर उभं आहे ते कळतं. सेल्फीसाठी कठड्यापलीकडे पाय टाकू नका. इथला कडा खरोखर ढासळतो.

घरांच्या दारात मांडलेल्या कुंड्या आणि जिने कुणाचे तरी आहेत. त्यांवर बसून फोटो काढू नका.

जेवण दुपारी साडेबारा ते अडीचच्या आत उरका. नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारी असाल तर टोमॅटो-ऑलिव्ह तेलाचा ब्रुस्केत्ता (भाजलेला पाव) हमखास मिळतो, पण पास्त्याच्या सॉसमध्ये मांस नाही ना, हे ऑर्डर देण्याआधी विचारा.