लोकगीताच्या स्पर्धेत मार्क कसे द्यायचे

आधी गट दोन करा. फॉर्मवरच विचारून घ्या, गाणं घरातनं आलंय की शिकून बसवलंय. गोंधळी, जोगतिणी, जात्यावर ओव्या म्हणत आलेल्या बायका एका गटात, क्लासात किंवा मोबाईलवर ऐकून गाणारे दुसऱ्या. माईक, वेळ, क्रम आयोजक बघतील.

अवघड जातो तो पहिला गट. खानापूर तालुक्यात एका स्पर्धेला मी परीक्षक होतो, सत्तरीच्या पुढची एक आजी ओव्या म्हणायला उभी राहिली, दुसऱ्या ओवीला सूर चढला, एक ओळ दोनदा म्हणाली, मध्येच भलतंच नाव घातलं, मी सूर आणि पाठांतर दोन्हीचे मार्क कापले आणि कीबोर्डवर घोटून गायलेल्या मुलीला पहिला नंबर दिला. नंतर आजीशी बोललो तेव्हा कळलं, ते नाव समोर बसलेल्या नातवाचं होतं आणि ओळ परत म्हणता म्हणता ती पुढची ओवी जुळवत होती. जात्यावर असंच चालतं, मी नेमके त्याचेच मार्क कापले होते. अजून टोचतं ते.

म्हणून या गटातनं पाठांतराचा रकाना काढूनच टाका. हार्मोनियमची पट्टीही धरू नका. जोगतिणीचं चौंडकं, ते एका तारेचं वाद्य, जवळनं बघा, बगलेत धरून तार ताणली की आवाज चढतो, सैल सोडली की उतरतो, जोगतीण गळा त्याच्यामागनं नेते, तिथं काळी चार कुठं शोधणार? बघायचं ते एवढंच, ओवीत जात्याचा फेरा लागतोय का, गोंधळी गावागावाच्या देवांना बोलावतो तेव्हा संबळ आणि गळा एकमेकाला पुढं रेटतात का. आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या गाण्यात कानडी शब्द आला म्हणून मार्क कापणारे परीक्षक मी बघितलेत, साफ चूक आहे ती, आपल्या सीमाभागात दोन्ही भाषा एकाच तोंडात असतात.

शिकून गाणाऱ्यांशी मात्र कडक राहा. गाणं कुणाकडनं घेतलं, काय बदललं, विचारा, सांगता आलं नाही तर कापा. नऊवारी, नथ, फेटा यांना शून्य. मुद्दाम काढलेल्या गावठी आवाजाला तर कापाच कापा. शास्त्रीय गायक कुमार गंधर्व आपल्याच बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले, १९२४ साली, पुढं देवासला राहून माळव्याची लोकगीतं ऐकली, जमवली आणि गायली ती स्वतःच्या गळ्यानं. पोरांना हे सांगा.

बेरीज वेगळी, बक्षिसंही दोन. आयोजक म्हणाले ढाल एकच आहे, तर दुसरी आणायला लावा.