ग्लँडमधली वाफ

बॉयलरच्या लाइनवरचा २ इंची ग्लोब व्हॉल्व्ह (वाफ सोडणारी-थांबवणारी झडप) ग्लँडमधून, म्हणजे झडपेच्या दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या भागातून, फुसफुसायचा. मी दर वेळी नट आवळत गेलो. शेवटी हँडव्हील (झडप फिरवायचं चाक) दोघांनाही फिरेना. चूक माझीच.

शटडाउनला लाइन थंड केली, ड्रेन उघडून प्रेशर शून्य झाल्याची खात्री केली, मगच ग्लँड खोलला. तळाशी जुनं पॅकिंग (गळती रोखणारी दोरी) कोळशासारखं कडक! आजवर आम्ही त्यावरच नवं कोंबत होतो. हुकाने सगळं उकरून काढलं, स्पिंडल, म्हणजे झडपेचा दांडा, बारीक एमरीने (घासकागदाने) घासला. ग्रॅफाइट पॅकिंग स्पिंडलच्याच जाडीच्या रॉडवर गुंडाळून ४५ अंशांत तिरपं कापलं. प्रत्येक रिंगचा जोड आधीच्यापासून ९० अंश फिरवून, एकेक दाबत बसवली. नट आलटून-पालटून, पाव-पाव फेरा.

आता हँडव्हील एका हाताने फिरतं.