मुलांसोबत घरीच करा कामट्यांचा आकाशकंदील

सहामाही परीक्षा संपल्यापासून वसुबारसेपर्यंत मुलांच्या हाती थोडे मोकळे दिवस असतात. आकाशकंदील करायचा तर तो याच दिवसांत. दुकानात जोडणीचे तयार संच मिळतात, पण त्यात मुलांना फक्त कागद चिकटवायचं काम उरतं. माझं आग्रहाचं सांगणं असं की सांगाडाही मुलांनाच बांधू द्या. कंदिलाची खरी गंमत सांगाड्यात आहे.

हा आपला नेहमीचा कंदील आहे, चौकोन आणि त्रिकोणांचा. माहीमच्या कंदील गल्लीपासून गोव्यातल्या कंदील स्पर्धांपर्यंत नाना प्रकार बघायला मिळतात, पण घरी करायला हाच सोपा, कारण याच्या बाजूच्या सगळ्या कामट्या एकाच मापाच्या असतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तो मोठ्यांच्या थोड्या मदतीने जमतो. दोन दिवस हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी सांगाडा, दुसऱ्या दिवशी कागद.

काय काय लागेल

बांबूच्या कामट्या बुरुडाकडे मिळतात. पुण्यात बुरूड आळीत गेलात तर हव्या त्या जाडीच्या मिळतील. साधारण अर्धा सेंटिमीटर रुंद आणि सहज वाकणार नाहीत अशा घ्या. खराट्याचे हीरही चालतात, पण ते बारीक असल्यामुळे कंदील लहान करावा लागतो. परदेशात कामट्या शोधत बसू नका. कबाब भाजायच्या ३० सेंटिमीटरच्या बांबूच्या सळया घ्या आणि त्यांची टोकं कापून टाका.

माप असं:

- २० सेंटिमीटरच्या २४ कामट्या
- २८ सेंटिमीटरच्या ६ कामट्या

याखेरीज जाड दोरा, दोन रंगांचे पतंगी कागद, थोडा घोटीव कागद, कात्री, पट्टी, पेन्सिल आणि खळ.

कामट्या मोठ्यांनी कापाव्यात. नंतर त्या पॉलिश पेपरने घासून घ्यायच्या, नाहीतर हातात कूस भरते आणि मुलांचा उत्साह तिथेच संपतो. घासायचं काम मात्र मुलं आनंदाने करतात. लहान कामट्यांच्या दोन्ही टोकांपासून १ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करून घ्या. गाठी या खुणांवर येतील, म्हणजे प्रत्येक बाजू बरोबर १८ सेंटिमीटरची भरेल.

सांगाडा

आधी गाठ शिकवा. दोन कामट्यांच्या खुणा एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवायच्या, दोऱ्याचे फुलीसारखे चार वेढे द्यायचे, मग त्याच दोऱ्याचे दोन वेढे दोन्ही कामट्यांच्या मधून घेऊन आवळायचे आणि गाठ मारायची. हे मधले दोन वेढे विसरले तर जोड सैल राहतो. मुलं ते हमखास विसरतात, तेव्हा पहिल्या पाच-सहा गाठी शेजारी बसून करून घ्या. पुढे त्यांचा हात बसतो.

आता चार लहान कामट्यांचा एक चौकोन बांधा आणि इथे जरा थांबा. मुलाला तो चौकोन दोन कोपऱ्यांत धरून दाबायला सांगा. तो लगेच तिरका होईल. मग २८ सेंटिमीटरची एक कामटी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बांधा आणि पुन्हा दाबायला सांगा. आता तो जागचा हलणार नाही, कारण चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. त्रिकोणाच्या बाजूंची लांबी ठरली की त्याचा आकारही ठरतो, चौकोनाचं तसं नाही. विजेच्या मनोऱ्यात आणि पत्र्याच्या छताखालच्या कैचीत तिरके दांडे असतात ते याचसाठी. पुस्तकात भेटणारा कर्ण इथे मुलाच्या हातात असतो.

कर्णाच्या दोन गाठींमधलं अंतर साडेपंचवीस सेंटिमीटर ठेवा, म्हणजे चौकोनाचे कोपरे काटकोनात येतील. बाहेर उरलेली टोकं नंतर छाटता येतात.

असे चार चौकोन तयार करा. मग प्रत्येक चौकोन एका कोपऱ्यावर उभा धरा. कर्ण उभा आला पाहिजे, एक टोक वर आणि एक खाली. शेजारशेजारच्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधून चौघांचं कडं करा. हे काम एकट्याने होत नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही इथेच बोलवा.

या टप्प्यावर सगळं लटपटतं आणि मुलांना वाटतं की काहीतरी चुकलं. त्यांना धीर द्या, पण त्यांच्या हातातून काम काढून घेऊ नका. आता वरच्या चार कोपऱ्यांना चार लहान कामट्या बांधा, खालच्या चार कोपऱ्यांनाही चार. चोवीस कामट्या संपल्या आणि कंदिलाचा आकार दिसू लागला. बाजूंना चार उभे चौकोन, त्यांच्या मधल्या जागांत वर चार आणि खाली चार त्रिकोण. वरचा आणि खालचा चौकोन अजून मोकळा आहे. दोन्ही हातांनी सांगाडा हलकेच पिळून पाहा, अजून थोडा पिळतो. उरलेल्या दोन लांब कामट्या वरच्या आणि खालच्या चौकोनाला कर्ण म्हणून बांधल्या की सांगाडा घट्ट होतो. घाईत अनेकजण हे शेवटचे दोन कर्ण गाळतात आणि मग टांगल्यावर कंदील पिळलेला दिसतो. वरचा कर्ण दिवा बांधायलाही उपयोगी पडतो.

सांगाड्याची उंची साधारण २५ सेंटिमीटर होईल. एखादा कोपरा थोडा वाकडा आला तर तो तसाच राहू द्या. मुलं झोपल्यावर सगळं सोडून नीट बांधायचा मोह होतो. तसं अजिबात करू नका, मुलांच्या ते लगेच लक्षात येतं.

खळ

दोन मोठे चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडून घ्या. त्यात कपभर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळा. पांढरटपणा जाऊन मिश्रण दाट आणि जरासं पारदर्शक झालं की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाताखालच्या खळीत ते नको. खळ ताजी करावी आणि उरली तर टाकून द्यावी.

कागद

रंग निवडण्याआधी प्रत्येक कागद पेटत्या दिव्यासमोर धरून पाहा. गडद जांभळा आणि हिरवा दिवसा छान दिसतात, पण रात्री उजेड अडवतात. केशरी, पिवळा, गुलाबी, पांढरा हे रंग उजळतात. चौकोनांना एक रंग आणि त्रिकोणांना दुसरा दिला की आकार खुलून दिसतो.

कागद मापाने कापू नका. सांगाड्याची ती बाजू कागदावर टेकवून पेन्सिलीने भोवती रेघ मारा आणि बोटभर जागा सोडून कापा. हाताने बांधलेल्या सांगाड्याचे सगळे चौकोन सारखे नसतात, आणि हा त्यावरचा सोपा उपाय आहे. आधी आठ त्रिकोण चिकटवा, मग चार चौकोन. खळ कागदाला न लावता कामटीला लावा, तीही पातळ. भिजलेला पतंगी कागद लगेच फाटतो. सोडलेली कड आत दुमडून कामटीवर दाबायची. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवा.

नक्षीसाठी घोटीव कागद घड्या घालून कापा आणि चांदण्या, पणत्या, स्वस्तिक चौकोनांच्या मधोमध लावा. दिवा लागला की त्यांची काळी आकृती उठून दिसते. कामट्यांच्या कडांवर सोनेरी कागदाची बारीक पट्टी लावली की जोड झाकले जातात.

झिरमिळ्या हे लहानांचं काम. पतंगी कागदाची घडी घालून वर दोन बोटं जागा सोडायची आणि खालून उभ्या चिरा द्यायच्या. खालच्या चौकोनाच्या चारही बाजूंना अशी एकेक पट्टी चिकटवा. लांबी हातभर पुरे. त्याहून लांब केल्या तर वाऱ्याने गुंततात.

अगदी लहान मुलांसाठी

चार-पाच वर्षांच्या मुलांना गाठी जमणार नाहीत. त्यांच्यासाठी घोटीव कागदाचे छोटे कंदील करा. कागद लांबीत दुमडायचा, दुमडलेल्या बाजूने चिरा द्यायच्या, उघडून गोल वळवून चिकटवायचा. आत पिवळ्या कागदाची सुरळी घालायची. ती बाहेरच्या कागदापेक्षा तीन सेंटिमीटर आखूड हवी आणि दोन्ही कागदांच्या वरच्या-खालच्या कडा एकमेकींना चिकटवायच्या, म्हणजे बाहेरच्या पट्ट्या फुगून येतात. असे दहा-बारा कंदील दोऱ्यात ओवले की दाराला माळ होते.

दिवा आणि टांगणी

३ ते ५ वॅटचा एलईडी दिवा लावा. जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब तापतात आणि कागद करपतो. पणती कंदिलात कधीही ठेवू नये. होल्डर वरच्या कर्णाला बांधून दिवा कंदिलाच्या मध्यावर येऊ द्या. वायरची जोडणी मोठ्यांनीच करावी आणि वायरला उघडा जोड नसावा. कंदिलाचं वजन वायरवर येऊ देऊ नका. वरच्या चार कोपऱ्यांना चार दोरे बांधून ते वर एकत्र आणा आणि सुतळीने टांगा.

जागा छज्ज्याखालची निवडा. परतीचा पाऊस कधीकधी दिवाळीतही येतो आणि पहाटेच्या दवाने खळ सुटते.

बऱ्याच घरांत कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात. उतरवल्यावर फाटका कागद ओल्या फडक्याने भिजवून काढून टाका, सांगाडा दिवसभर उन्हात वाळवा आणि जुन्या ओढणीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढल्या वर्षी सैल झालेल्या गाठी तेवढ्या नव्याने बांधायच्या आणि नवा कागद चढवायचा.