चाळिशीनंतर पहिल्यांदा आइस स्केटिंग? या चुका टाळा

आपल्या खान्देशात बर्फ म्हणजे रसवंतीवरची लादी. थंडीत अक्कलकुव्याच्या डाब-वालंब्याकडे दवबिंदू गोठले, तर त्याचे फोटो आपण जिल्हाभर फिरवतो. मग दिल्लीकडे लग्नाला किंवा मुलाच्या घरी गेलो की गुरुग्रामच्या अँबियन्स मॉलमधली रिंक, म्हणजे स्केटिंगसाठी केलेलं बर्फाचं मैदान, दिसते, नातवंडं हट्ट धरतात आणि जन्मभर जिनिंग नाही तर शाळा सांभाळलेला माणूस पायाला पातं बांधून उभा राहतो. उभा राहतो असं म्हणायचं, एवढंच.

जमिनीवर पाय घसरला की मोठ्या माणसाचं शरीर काही गोष्टी न सांगता करतं. ताठ होतं, मागे रेलतं, हात पुढे टाकतं, पायाकडे बघतं. बर्फावर यातली प्रत्येक गोष्ट पाडणारी आहे. मुलं लवकर शिकतात त्यात हुशारीचा भाग थोडाच. त्यांचं डोकं बर्फापासून तीन-साडेतीन फुटांवर असतं, आपलं साडेपाच. पडणं त्यांना परवडतं.

पैसे भरण्याआधी विचारा, बर्फ खरा आहे ना?

मॉलमध्ये ‘आइस स्केटिंग’ अशी पाटी दिसली म्हणजे खाली बर्फच असेल असं नाही. काही ठिकाणी पॉलिमरचे पांढरे पत्रे जोडून रिंक केलेली असते. त्यावर घर्षण जास्त, पाय पुढे जात नाही, आणि माणसाला वाटतं आपल्याला जमतच नाही. स्नो पार्क हा आणखी वेगळा प्रकार. तिथे भुसभुशीत बर्फात खेळायचं असतं. खरी रिंक हवी तर नीट चौकशी करून जा. डेहराडूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली गेली. सिमल्याची रिंक जुनी आणि प्रसिद्ध असली तरी ती उघड्यावरची. थंडी पडली तरच चालते.

कपड्यांत होणारी गफलत

दोन टोकं दिसतात. एक म्हणजे जळगावच्या ४४ अंशांतून निघालेला माणूस, जो अर्ध्या बाहीचा शर्ट आणि बर्म्युडावर येतो. दुसरा कानटोपी, दोन स्वेटर आणि मफलर घालून येतो आणि थोड्याच वेळात घामाघूम होतो. बर्फाचा पृष्ठभाग साधारण उणे ४-५ अंशांवर ठेवलेला असतो, पण हॉलमधली हवा तितकी गार नसते; आपल्या रावेर-सावद्याच्या केळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शिरल्यासारखं वाटतं. एक पूर्ण बाहीचं जाकीट, घोट्यापर्यंतची सैल नसलेली पँट आणि हातमोजे पुरतात. जीन्स शक्यतो नको. गुडघा वाकत नाही आणि एकदा ओली झाली की वाळत नाही.

हातमोज्यांशिवाय बर्फावर जाऊच नका. ते थंडीसाठी कमी आणि दुसऱ्याच्या पात्यासाठी जास्त असतात. ओढणी, शाल, साडीचा पदर यांचं तर नाव नको. काकूंना हौस असेल तर ट्रॅक पँट घालू द्या, फोटोत कोण काय म्हणेल ते नंतर बघू.

उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी जाऊ नये, आणि भरीत-पुरीवर ताव मारून लगेचही जाऊ नये.

बूट : निम्मे लोक इथेच पडतात

माझं ठाम मत आहे की पहिल्या दिवशी माणसाला बर्फ पाडत नाही, बूट पाडतो. काउंटरवर नंबर विचारला की आपण सवयीने एक नंबर मोठा सांगतो, ‘जरा मोकळा असू द्या’ म्हणून. चपलेला ते चालतं. स्केटच्या बुटात टाच वर उचलली गेली की घोटा आत वळतो, पातं तिरकं होतं आणि माणूस गुडघे जुळवून, पावलं फाकवून लटपटत राहतो. लोक म्हणतात, माझे घोटेच कमकुवत. तसं नसतं; बूट मोठा असतो किंवा नाडी ढिली असते.

रोजच्या बुटाचा नंबर मागा आणि सैल वाटला तर त्याहून लहान मागायला लाजू नका. बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघा वाकवला की ती किंचित मागे सरकली पाहिजेत. मोजा एकच, पातळ. दोन जाड मोजे घातले की पाय बुटाच्या आत फिरतो आणि फोड येतात.

नाडी बांधायची पद्धत नीट बघा. आधी पाय बुटात घालून टाच जमिनीवर दोनदा आपटायची, म्हणजे ती मागच्या खोबणीत बसते. बोटांजवळच्या दोन-तीन ओळी नुसत्या बसवायच्या, आवळायच्या नाहीत. पावलाचा उंचवटा संपून घोटा सुरू होतो तिथली वाकण सगळ्यात घट्ट, दोन्ही हातांनी ओढून. त्याच्या वरच्या हुकांत पुन्हा एक बोट जाईल इतकी ढील, नाहीतर गुडघा पुढे वाकणारच नाही. उरलेली नाडी लोंबू न देता आत खोचायची. भाड्याच्या बुटांना कधी नाडीऐवजी क्लिप असतात; तिथेही हाच क्रम. एक चक्कर मारून आल्यावर बाकावर बसून पुन्हा आवळायचं, कारण पहिल्या पाच मिनिटांत बूट हमखास ढिला पडतो. हे कुणीच करत नाही.

पात्याकडेही बघून घ्या. पातं जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद असतं आणि मधोमध त्याला उभी खाच असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. बर्फाला धरून ठेवतात त्या याच. भाड्याच्या बुटांच्या धारा बोथट झालेल्या असू शकतात. एकच पाय सारखा बाजूला सटकत असेल तर स्वतःला दोष न देता बूट बदलून मागा. आणि पाती बांधून रबराच्या चटईवरूनच चाला. फरशीवरून चाललात की धार गेलीच.

कठडा सोडा

अमळनेरचे आमचे एक मामा कापसाच्या व्यवहारात कुणाला हार न जाणारे. रिंकवर मात्र दोन्ही हातांनी कठडा धरून, कंबरेत वाकून उभे. पाय एकेक करून पुढे पळायचे, मामा ते ओढून मागे घ्यायचे. ‘आठे पायच ठरी नही राहिनात रे भो!’ पाय ठरणार कसे? धड कठड्याकडे कललेलं, वजन हातांवर, आणि पायांवर भारच नाही. भार नसलेलं पातं कुठेही जातं.

मामांना सांगितलं ते एवढंच : मामा, एक हात सोडा, दुसऱ्याची नुसती बोटं टेकवा. गुडघे वाकवा, खुर्चीत बसायला निघाल्यासारखे. दोन्ही हात पुढे, कंबरेच्या उंचीवर, टेबलावर ठेवल्यासारखे. नजर समोरच्या माणसाच्या डोक्यावर. वजन पावलाच्या मध्यावर, टाचेवर कधीच नाही. मग जागच्या जागी पावलं उचलायची, एक-दोन, एक-दोन, लहान लहान. टाच आत आणि चवडा जरा बाहेर असेल तर त्या पावलांनीच माणूस पुढे सरकायला लागतो. मामांनी कठडा सोडला तेव्हा त्यांना कळलंही नाही. बाजूने गेलेल्या चार वर्षांच्या पोरीकडे बघत होते.

पेंग्विनच्या आकाराचे ढकलायचे आधार लहान मुलांसाठी असतात. मोठ्या माणसाने त्यावर रेलून चकरा मारल्या तर कठड्याचीच सवय तिथे लागते.

हात टेकवून पडू नका

पडणार हे नक्की, तेव्हा कसं पडायचं ते आधी शिका. पहिल्यांदा स्केटिंग करणाऱ्या मोठ्यांना सगळ्यात जास्त जपायला हवं ते मनगट. तोल गेला की आपण पंजा पसरून हात टेकवतो, आणि सगळं वजन मनगटावर येतं. पन्नाशीनंतर, विशेषतः बायकांची, हाडं ठिसूळ होत जातात तेव्हा हे महागात पडतं.

तोल जातोय असं वाटलं की लगेच खाली बसायचं. जितकं खाली, तितकं कमी अंतर पडायचं. मग एका बाजूला, खुब्याच्या मांसल भागावर घसरत जायचं. हात छातीशी, मुठी मिटलेल्या. मागे पडत असाल तर हनुवटी छातीला लावायची, म्हणजे डोकं आपटत नाही. हेल्मेट मिळत असेल तर घ्या. मोटारसायकलवर लाजतो तसं इथे लाजू नका.

पडल्यावर बसून राहू नका, बोटं बर्फावर पसरू नका. गुडघ्यांवर या, एक पाय पुढे घेऊन पातं सपाट टेकवा, दोन्ही हात त्याच गुडघ्यावर ठेवून उठा. दोन्ही पाय एकदम टेकवून उठायला गेलात की पुन्हा खाली. हे उठणं घरी सतरंजीवर करून बघता येतं. दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय महिनाभर आधी लावली तर आणखी बरं.

काय होतंय, कशामुळे होतंय

तळपायाला पेटके येतात : भीतीने बोटं बुटात आवळून धरली आहेत, किंवा खालची नाडी फार घट्ट आहे. बाकावर बसा, ढिली करा.

पाय हलतात पण माणूस तिथेच : तुम्ही चालताना जसं सरळ मागे रेटता तसं रेटताय. बर्फावर रेटा बाजूला द्यायचा, पात्याच्या आतल्या धारेने.

अचानक तोंडावर आपटता : फिगर स्केटच्या पात्याला पुढे दात असतात. चवड्यावर जोर दिला की ते बर्फात रुततात. पाऊल टेकवताना सपाट टेकवा.

थांबता येत नाही : टाचा बाहेर ढकलून, गुडघे वाकवून, आतल्या धारेने बर्फ खरवडायचा. सुरुवातीला एकाच पायाने करा. कठड्यावर धडकणं हा थांबण्याचा प्रकार नव्हे.

आधी जमत होतं, आता एकदम घसरायला लागलं : नुकतंच मशीन फिरून गेलंय. ते वरचा थर खरवडून त्यावर पाण्याचा पातळ थर सोडतं. तो गोठेपर्यंत जरा थांबा. आणि सगळे ज्या दिशेने फिरतात त्याच दिशेने फिरा.

ज्यांनी लहानपणी चाकांचं स्केटिंग केलंय त्यांचा तोल लवकर जमतो, पण ब्रेक लावायची जुनी सवय घात करते. इथे टाचेला रबर नाही.

घरी निघताना एक बघा. मनगट सुजलं असेल, किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दाबल्यावर दुखत असेल, तर ‘भुसावळला गेल्यावर दाखवू’ असं म्हणत पंजाब मेलमध्ये बसू नका. तिथेच हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन एक्स-रे काढा. त्या खळगीखालच्या लहानशा हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला आणि दुखणं तसंच राहिलं, तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा दाखवा. तोवर हळद-तेल लावून मनगट चोळून घेऊ नका.