न्यूकॅसलच्या वॉर्डात जॉर्डी कशी ऐकायची

इंग्रजीच्या परीक्षेत कितीही चांगले गुण पडलेले असोत, न्यूकॅसलच्या वॉर्डात पहिल्याच पाळीला एखादे आजोबा ‘आय डिव्हन्ट नाऽ, पेट’ म्हणतात आणि नवी नर्स माझ्या तोंडाकडे बघत राहते. ‘मला नाही गं माहीत’ एवढंच म्हणायचं असतं त्यांना. ईशान्य इंग्लंडमधल्या टाईन नदीकाठच्या या बोलीला आणि ती बोलणाऱ्यांनाही जॉर्डी म्हणतात. ती कानात कशी बसवायची, हे नव्या मुलींना मी जसं सांगते तसंच इथे लिहितेय.

शब्दांच्या याद्या पाठ करू नका, आधी सूर पकडा. ‘टाउन’चं ‘टून’ होतं, ‘अबाउट’चं ‘अबूट’. जुन्या पिढीच्या तोंडी ‘शर्ट’ थेट ‘शॉर्ट’सारखा ऐकू येतो, तेव्हा आजोबांनी धुतलेला ‘शॉर्ट’ मागितला तर सदराच द्या. साधं विधानसुद्धा शेवटाला वर चढतं आणि प्रश्न विचारलाय असं वाटतं. उत्तराची घाई करू नका, क्षणभर थांबा. प्रश्न असेल तर ते तुमच्याकडे बघत थांबतातच.

मग छोटे शब्द. ‘गिव्ह अस अ हँड’ म्हणणारा माणूस एकटाच असतो, ‘अस’ म्हणजे तो स्वतःच. ‘वोर लॅस’ म्हणजे बहुतेकदा त्याची बायको. ‘पेट’, ‘हिनी’ ही मायेची हाक आहे, तिचा राग धरू नये. आणि ‘मॅन’ बाईमाणसालाही म्हणतात.

‘कॅनी’पाशी मात्र थांबायला हवं. इतरत्र हा शब्द धूर्त, हिशेबी माणसाला लावतात. इथे ‘कॅनी लॅस’ ही शाबासकी आहे. ‘कसं वाटतंय?’ याला ‘कॅनी’ असं उत्तर आलं की बरं चाललंय म्हणायचं. पण ‘कॅनी सोर’ म्हटलं तर बऱ्यापैकी दुखतंय. ‘कॅनी’ ऐकून निर्धास्त पुढच्या खाटेकडे जाऊ नका. शून्य ते दहात किती दुखतंय, हे विचाराच.

बाकीचे पटकन सांगते: ‘बेअर्न’ म्हणजे मूल, ‘बेट’ म्हणजे कामावर न्यायचा डबा, ‘हॉय’ म्हणजे फेकणं, ‘नेटी’ म्हणजे संडास. ‘गॅन’ म्हणजे जाणं. याला बिघडलेलं इंग्रजी म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ‘गॅन’ हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतून चालत आलेला आहे.

नवा शब्द काढून घ्यायची उत्तम रीत लीड्स विद्यापीठाच्या बोली-सर्वेक्षणातली. हॅरल्ड ऑर्टन यांच्या पुढाकाराने १९५०च्या दशकात ते सुरू झालं आणि इंग्लंडभरात ३१३ ठिकाणी पोचलं. विचारणारे शब्द स्वतः उच्चारत नसत. वस्तू दाखवायची किंवा तिचं वर्णन करायचं आणि ‘याला तुम्ही काय म्हणता?’ विचारायचं. ड्रेसिंग करताना असंच करा. बोटात घुसलेल्या लाकडाच्या कुसळाला काय म्हणता, असं विचारा. ‘स्पेल्क!’ उत्तर येतं, आणि पाठोपाठ सुतारकामाच्या, गोदीच्या गोष्टी. माणूस खुलतो. मला या कामात याहून आवडतं असं फारसं काही नाही.

एक पथ्य कडक पाळा. सगळ्यांनाच जॉर्डी म्हणू नका. संडरलंड इथून जेमतेम वीस किलोमीटर, पण तिथली माणसं मॅकेम. १९७४मध्ये दोन्ही शहरं टाईन अँड वेअर या एकाच परगण्यात घातली, तरी ओळख एक झाली नाही. चल, हो पुढे, अशा अर्थाची न्यूकॅसलची आरोळी ‘हाउवे’, संडरलंडची ‘हावे’. फुटबॉलच्या मैदानावर या एका स्वरावरून माणूस कुठला ते कळतं. रुग्ण कुठला आहे हे कळेपर्यंत दोन्हींपैकी काहीच बोलू नका, आणि त्यांच्या सुराची नक्कल तर कधीच नको. तुमच्या स्वच्छ, सावकाश इंग्रजीवर ते खूश असतात.

नोंद लिहिताना रुग्णाचा शब्द अवतरणात जसाच्या तसा ठेवा आणि शेजारी त्याला विचारून घेतलेला अर्थ लिहा. रात्रपाळीची नर्स कदाचित कालच रुजू झालेली असते.