डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी : पेपर लिहिताना या चुका टाळा

“आरोपी मनोरुग्ण होता, म्हणून खुनाऐवजी मनुष्यवध,” एवढं लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळू नका. डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी म्हणजे मानसिक बिघाडामुळे खुनाचा गुन्हा मनुष्यवधावर आणणारा इंग्लंडच्या कायद्यातला बचाव, आणि तिथे नुसत्या आजाराने काहीच सिद्ध होत नाही.

आधी नोट्स किती जुन्या आहेत ते बघा. त्यात ‘ॲब्नॉर्मॅलिटी ऑफ माइंड’ (मनाची विकृत अवस्था) असेल, तर ती 1957 च्या होमिसाइड ॲक्टच्या कलम 2 ची मूळ भाषा. 4 ऑक्टोबर 2010 पासून कलम बदललं. आता मानसिक कार्यात बिघाड हवा, तो मान्यताप्राप्त वैद्यकीय स्थितीतून आलेला हवा, आणि त्यामुळे स्वतःच्या कृतीचं स्वरूप कळणं, विवेकाने निर्णय घेणं किंवा स्वतःवर ताबा ठेवणं यांपैकी निदान एक क्षमता बरीच खालावलेली हवी. ‘बरीच’ म्हणजे किती? गोल्ड्स खटल्यात (2016) ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, किरकोळपेक्षा थोडं जास्त एवढ्याने भागत नाही.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात: त्या बिघाडानेच हत्येचा उलगडा व्हायला हवा. समजा, नैराश्यावर उपचार घेणारा माणूस भागीदाराच्या विम्यासाठी महिनाभर आखणी करून त्याला मारतो. आजार खरा, डॉक्टरांची फाइल खरी. पण हत्या घडली ती पैशासाठी, आणि नैराश्याचा त्यात लक्षणीय वाटा दिसत नसेल, तर बचाव तिथेच कोसळतो. उत्तराचा जीव या दुव्यात आहे. दोन ओळी जास्त इथेच खर्च करा.

दारूच्या प्रश्नातही असाच गोंधळ होतो. स्वतःहून चढवलेली नशा चालत नाही (डाउड्स, 2012). दारूचं व्यसन हा आजार म्हणून मांडता येतो (वुड, 2008). दोन्ही एकत्र असतील, तर वेगवेगळे करून लिहा.

सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण ‘संशयातीत’ नव्हे. शक्यतेचं पारडं त्याच्याकडे झुकलं की पुरे. खुनाच्या प्रयत्नाला हा बचाव लागूच होत नाही. आणि कृपा करून ‘आरोपी सुटतो’ असं लिहू नका. मनुष्यवधाला जन्मठेपही होऊ शकते, किंवा बंदिस्त मनोरुग्णालयात रवानगी.

डॉक्टरांचा शब्दही अंतिम नसतो. 1981 मध्ये ‘यॉर्कशायर रिपर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मालिका-खुनी पीटर सटक्लिफच्या खटल्यात त्याच्या आजाराबद्दल मानसोपचारतज्ज्ञांचं एकमत होतं, सरकारी पक्षही मनुष्यवधावर थांबायला तयार होता. तरी न्यायाधीशांनी प्रकरण ज्युरीपुढे ठेवलं आणि ज्युरीने त्याला खुनासाठीच दोषी धरलं.

तुलना विचारली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 22 इथे चिकटवू नका. ते मनोविकल आरोपीला पूर्ण सोडणाऱ्या बचावाचं कलम आहे. मानसिक बिघाडावरून खुनाचा मनुष्यवध करणारा असा अर्धा बचाव आपल्याकडे नाही.