पाणी बदललं की मासे सुस्तावतात? नागपूरकरांनो, या चुका टाळा

फिशटँकचं पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासा तळाशी पडलेला दिसला, की दोष दुकानदाराला किंवा माशाच्या जातीला दिला जातो. कारण बहुतेक वेळा बादलीत सापडतं. मासा जुन्या पाण्याला सरावलेला असतो. नवं पाणी दिसायला कितीही नितळ असलं, तरी तापमान, पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा; तो जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) आणि क्षार यांत ते फार वेगळं असेल तर त्याच्या कल्ल्यांना ते झेपत नाही.

नागपुरात हा फरक मोठा पडतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, थंडीत पहाटे 10 च्या खाली येतो. त्यातच एकाच घरात पेंच-कन्हानचं नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी, तिन्ही वापरात असू शकतं.

गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट ओतणे

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच टँकचा हिशेब करून बघा. रेती-दगड वगळून त्यात साधारण 45 लिटर पाणी बसतं. 15 लिटर काढलं, 29 अंशांचं 30 लिटर उरलं आणि वरून 41 अंशांचं 15 लिटर ओतलं, तर सगळं पाणी दोन मिनिटांत 33 अंशांवर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि माशाची ऑक्सिजनची गरज त्याच वेळी वाढते. मग मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात.

उपाय सोपा आहे. आदल्या रात्रीच बादल्या भरून टँकच्याच खोलीत झाकून ठेवा. झाकणं महत्त्वाचं, कारण कूलरच्या झोतात उघडी बादली ठेवली तर बाष्पीभवनाने तिचं पाणी टँकपेक्षा काही अंशांनी थंड होतं. ओतण्याआधी दोन्हीकडे थर्मामीटर बुडवा. फरक 2 अंशांच्या आत हवा. पाणी गार करायचं असेल तर बर्फ जमवलेली बंद बाटली बादलीत सोडा, टँकमध्ये नाही.

थंडीत उलटं होतं. हीटरमुळे टँक 26 अंशांवर असतो आणि सकाळचं नळाचं पाणी गारठलेलं असतं. असा गारवा बसला की चार-पाच दिवसांत माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठू शकतात. बादलीत गरम पाणी मिसळताना ते स्टीलच्या पातेल्यात तापवलेलं घ्या. गीझरमध्ये तांब्याची नळी असू शकते आणि तांबं माशांना, त्याहून जास्त कोळंबी-गोगलगायींना घातक असतं.

अँटीक्लोरीन अंदाजाने टाकणे

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कारण ते माणसांच्या पिण्यासाठी शुद्ध केलेलं असतं. कल्ल्यांच्या नाजूक पडद्याला मात्र ते जाळतं. गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल तर पुढचे काही दिवस त्या टाकीचं पाणी टँकसाठी घेऊच नका.

अँटीक्लोरीनची, म्हणजे क्लोरीन घालवणाऱ्या औषधाची, दुकानातली बाटली वापरत असाल तर लेबलवरचं प्रमाण पाळा. हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वापरत असाल तर 10 ग्रॅम खडे विरघळवून 100 मिलिलिटर द्रावण करा आणि दर 10 लिटर पाण्याला त्यातलं 1 मिलिलिटर टाका. मोजायला औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज घ्या. द्रावण बादलीत टाकून ढवळा, पाच मिनिटं थांबा, मग ओता. पाइपने थेट टँक भरणार असाल तर आधी द्रावण टाका, आणि तेही पूर्ण टँकच्या लिटरवर मोजून. ओतल्या पाण्यापुरतं मोजलं तर ते कमी पडू शकतं.

औषध नको असेल तर बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून 24 तास पाणी फिरवा. त्याने क्लोरीन उडतं, शिवाय नळाच्या दाबाने विरघळलेली जास्तीची हवाही निघून जाते. नाहीतर ताज्या पाण्याचे बारीक बुडबुडे माशांच्या पंखांवर चिकटलेले दिसतात आणि ते अपायकारक असतात.

चार महिने दुर्लक्ष, मग एका दिवशी निम्मं पाणी बदलणे

पुष्कळ मासे या चुकीमुळे दगावतात, म्हणून ती नीट समजून घ्या. जुन्या, न बदललेल्या पाण्यात पीएच हळूहळू घसरतो. तो 6 च्या आसपास आला की माशांच्या उत्सर्गातून येणारा अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठत जातो. पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांश अमोनियमच्या रूपात असतो, जे फारसं विषारी नसतं. मासे त्यातही फिरत राहतात, म्हणून मालकाला सगळं ठीक वाटतं.

मग एक रविवार उजाडतो आणि बोअरचं, पीएच 8 चं पाणी निम्म्या टँकभर ओतलं जातं. पीएच एका अंकाने वाढला, समजा 7 वरून 8 वर गेला, की विषारी अमोनियाचा वाटा जवळपास दहापट होतो. जे पाणी काल चालत होतं, तेच तासाभरात विष होतं. शिवाय क्षारांतला अचानक फरक वेगळाच. "पाणी तर स्वच्छ केलं, मग मासे का मेले?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

असा दुर्लक्षित टँक सावरायचा असेल तर आधी द्रव टेस्ट किटने अमोनिया आणि पीएच तपासा. मग एक दिवसाआड 10 टक्केच पाणी बदला, म्हणजे 45 लिटरच्या टँकमध्ये साडेचार लिटर. ते एका धारेत ओतू नका, अर्ध्या तासात थोडं थोडं सोडा. दोन आठवडे असं केलं की मग आठवड्याला 25 टक्क्यांवर या.

फक्त भर घालत राहणे

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात टँकचं पाणी भराभर आटतं आणि लोक वरून मगभर पाणी घालून समाधान मानतात. उडून जातं ते पाणी. क्षार आणि नायट्रेट (जिवाणूंनी अमोनिया पचवल्यावर शेवटी उरणारा पदार्थ) टँकमध्येच राहतात, आणि बोअरचं जड पाणी प्रत्येक वेळी त्यात आणखी क्षार घालतं. काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरी किनार जमली असेल तर तेच समजा. रोजची भर आरओच्या शुद्ध पाण्याने घाला, पण आठवड्याचा बदल नेहमीच्या पाण्याने करा. आरओमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र टँकला अजिबात वापरू नका, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात.

फिल्टरही त्याच दिवशी नळाखाली धुणे

स्पंजमध्येच ते उपयोगी जिवाणू राहतात, आणि नळाचं क्लोरीन त्यांना मारतं. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत स्पंज तीन-चार वेळा पिळा, बस. तो पुरता पांढरा व्हायची गरज नाही. दोन पाणीबदलांच्या मधल्या एखाद्या दिवशी फिल्टर घ्या, दोन्ही एका दिवशी नको.

हीटर आणि पॉवर फिल्टरचा स्विच पाणी काढण्याच्या 15 मिनिटं आधी बंद करा. हीटरची तापलेली काच पाण्याबाहेर उघडी पडली की तडकू शकते. पाणी काढायची सायफनची नळी तोंडाने ओढू नका. ती पाण्यात पूर्ण बुडवून भरा, टोक अंगठ्याने दाबा आणि खालच्या बादलीत सोडा. बादली फक्त टँकसाठी वेगळी ठेवा, कपड्यांच्या साबणाची नको. डास मारायचा फवारा किंवा धूर खोलीत सुरू असताना एअर पंपही बंद ठेवा, कारण पंप तीच हवा पाण्यात ओढतो आणि त्यातली पायरेथ्रॉइड वर्गाची औषधं माशांना फार लवकर मारतात.

पाणी बदलल्यानंतर काही बिघडलं तर

मासे लगेच वेड्यासारखे उड्या मारत असतील, कल्ले भराभर हलत असतील तर आधी क्लोरीनचा संशय घ्या. पूर्ण टँकच्या लिटरवर मोजून अँटीक्लोरीन टाका आणि एअर पंप जोरात लावा.

तासाभराने सुस्ती आली, मासे तिरके पोहत असतील तर थर्मामीटर बघा. तापमान बिघडलं असेल तर ते तासाला 1 अंशाच्या वेगानेच परत आणा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन श्वास घेत असतील आणि कल्ले तपकिरी दिसत असतील, तर बहुधा फिल्टरचे जिवाणू मेल्याने नायट्राइट, म्हणजे अमोनिया अर्धवट पचल्यावर तयार होणारं विष, वाढलेलं असतं. जाडं मीठ लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 45 लिटरला 45 ग्रॅम, पाण्यात विरघळवून तासाभरात तीन हप्त्यांत घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. कोरीसारखे तळाचे मासे मिठाला नाजूक असतात, ते असतील तर निम्म्यावर थांबा. तीन दिवस खाणं बंद ठेवा; न खाल्लेला दाणा कुजून अमोनियाच वाढवतो.